फक्त वहिनी

४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. घाबरायचं काम मी करतो आहे, आणि ते या घरात एकाने केलं की पुरतं.

फोन केला असता, पण डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केली आहे. शिवाय फोन तुझ्या आईच्या कमरेला असतो, तिच्यासमोर मनातलं बोलायची सोय नाही. हिवाळ्यापासून माझा आवाज बसला होता. तुझी आई म्हणायची, "भाऊजी, कुरकुर करून करून घसा झिजला." मी गुळण्या केल्या, मफलर बांधला. शेवटी तिनेच ओढत दवाखान्यात नेलं. तिथे नाकातून नळी घालून मला पडद्यावर माझाच घसा दाखवला. आत काय असतं ते माणसाला दिसत नाही, ही देवाची मोठी कृपा आहे. स्वरयंत्राच्या पट्टीवर तांदळाएवढी गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवला आणि जे निघू नये तेच निघालं. नाव लिहीत नाही. लिहिलं की पक्कं होतं.

डॉक्टर म्हणाले, "बारीक आहे, वेळेवर आलात. कापायला नको. लाइट घ्या."

तुझी आई लगेच म्हणाली, "बघा! मीही तेच सांगते, सगळं लाइट घ्या. पण हे प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतात."

मग डॉक्टरांनी समजावलं, की लाइट म्हणजे किरण. सहा आठवडे रोज जायचं. त्याआधी चेहऱ्याचा आणि मानेचा मुखवटा करायचा, म्हणजे डोकं हलणार नाही. त्यासाठी २५ तारखेला बोलावलं आहे. उशीर केला आणि गाठ वाढली, तर मग कापावं लागेल आणि आवाज कायमचा जाईल, हेही सांगितलं. तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

तू दिवसभर त्याच किरणांशी खेळतेस. तेव्हा मला खरं सांग. किरणांचा त्रास होतो तो नक्की कोणाला होतो? तुझ्या आईला विचारून उपयोग नाही, तिचं उत्तर ठरलेलं आहे: "घ्या." दादा असता तर त्याला विचारलं असतं. आता घरात शिकलेली तू एकटीच.

गोड बोलू नकोस आणि मोठ्या अक्षरात लिही. मी पाचवीतून शाळा सोडली खरी, पण जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षर माझ्यापासून लपत नाही.

तुझा,
काका


१० मार्च

ती. काकांस,
सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी रडले आणि मग डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा वाचून गप्प झाले. काका, ही बातमी वाईट आहे, पण वाईटातली सगळ्यात चांगली आहे. अक्षराबद्दल माफ करा, हाताने लिहायची सवय गेली आहे.

आधी माझं काम सांगते. रक्त ज्या नळ्यांतून वाहतं त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. फरशी बसवावी तशा या पेशी, एकीला लागून एक, एकाच थराच्या. अंगातलं सगळं रक्त याच फरशीवरून जातं. मी या पेशी काचेच्या बशीत वाढवते, बशी मशीनखाली ठेवते, किरण सोडते आणि मग बघत बसते. लोकांना वाटतं पेशी लगेच मरतात. तसं होतंच असं नाही. पुष्कळशा अकाली म्हाताऱ्या होतात. फुगून बसतात, स्वतः काम करत नाहीत आणि शेजारच्यांनाही बिघडवतात. आमच्या ऑफिसातही असे दोघं आहेत, त्यांच्यावर कोणी किरण सोडलेले नाहीत. मग पेशींमध्ये फटी पडतात, पाझर सुरू होतो, आणि पुष्कळ वर्षांनी नळी आतून जाड आणि ताठ होऊ शकते.

हे झालं शास्त्र. तुम्ही विचारलंत त्याचं एका ओळीत उत्तर देते, खाली रेघ मारून:

किरणांचा त्रास पुढे सोसावा लागतो तो रक्त वाहिनीला.

पण तो पुढचा प्रश्न आहे, आणि तोही थोडा. गाठीचा प्रश्न आजचा आहे. लाइट घ्याच.

तुमची,
ठमी


१७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शास्त्राच्या भागाला नमस्कार करून बाजूला ठेवलं. रेघ मारलेली ओळ मात्र खिडकीशी जाऊन, चष्मा पुसून वाचली आणि खाली बसलो. खरं लिहिलंस, म्हणून तुझ्यावर राग नाही.

म्हणजे किरण घ्यायचे मी आणि सोसायचं फक्त वहिनीने! हा कुठला न्याय?

माझा विचार ठरला. मी लाइट घेणार नाही. माझ्या तांदळाएवढ्या गाठीपायी वहिनीला का भाजू? आजवर मी चालतो-फिरतो आहे तो तिच्याच जिवावर. दिवस बघितला नाही, रात्र बघितली नाही, तिने आपलं काम थांबवलं नाही. मी कधी तिची कदर केली नाही. ती आहे म्हणून आहे, एवढंच धरून चाललो. आता तिचंही वय झालं. तिला हे सोसायचं नाही.

तरीही एक विचारतो. वहिनीला दूर ठेवता येईल का? किती दूर? मध्ये जाड पत्रा धरला तर भागेल का? जमत असेल तर कळव, नाहीतर माझा आवाज गेला तरी चालेल. तसंही माझं बोलणं ऐकून या घरात कोणी काही केल्याचं मला आठवत नाही.

घरात हे पत्र कोणाला दाखवलेलं नाही.

तुझा,
काका


२२ मार्च

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या मोठ्या बाई इतक्या हळव्या कधी झाल्या नव्हत्या. म्हणाल्या, "वाहिनीची एवढी कदर करणारा पेशंट मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. तिला पूर्ण दूर ठेवता येणार नाही. ती तुमच्या गळ्यालाच लागून आहे, जाणार कुठे? पत्र्याचा उपयोग नाही. पण डॉक्टर किरणांची दिशाच अशी धरतात, की तिला कमीत कमी लागावं. शिवाय ती एक नाही, दोन आहेत. एक डावी आणि एक उजवी. उजवीला जपायला गेलं की डावीवर भार पडतो. दोघींना सारखं जपायचं, हीच कसरत असते.

वय झालं म्हणता तेही बरोबर. या वयात ती आतून ताठर झालेलीच असते, थोडी चरबी साठलेली असते. किरण लागले की चिकट होते. जवळून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरते आणि आत ओढते. पण हे सगळं ठळक व्हायला वर्षं जातात. तिच्यापायी तुम्ही गळा घालवू नका. तिचं काय व्हायचं ते पुढचं पुढे बघू.

२५ तारीख चुकवू नका, काका. पाया पडते.

तुमची,
ठमी


२९ मार्च

ठमे,

आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन, शिल्लक राहिले तर.

जन्मदात्या आईबद्दल असं लिहिताना तुझा हात थरथरला नाही? ती ताठर आहे हे मला माहीत आहे. तिच्याबरोबर मी आयुष्य काढलं आहे. पण मी ते कधी लिहून दिलं नाही. चिकट आहे हेही मान्य, संपत आलेला साबण ती नव्या साबणाला चिकटवते. चरबीचं मी काही बोलत नाही. पण रस्त्याने जाणाऱ्या पांढरपेशांना धरून आत ओढते? तुझी आई? दारावर साधा मीटर वाचणारा आला तर त्याचं ओळखपत्र बघितल्याशिवाय ती त्याला पायरी चढू देत नाही! आणि वर लिहितेस, "तिचं काय व्हायचं ते पुढचं पुढे बघू." यासाठी तुला शिकवलं का?

हे एक वेळ सोडून देतो. आता मला सांग, डावी वहिनी कोण?

मला आजवर एकच वहिनी माहीत होती. दादाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आता मला कळतं, की आणखी एक आहे. आणि ते तुला माहीत होतं, मला नव्हतं! दादा देवमाणूस. शिलाई मशीनचे सुटे भाग विकत फिरायचा. मोठी फेरी करून आला, की चार दिवस शीळ वाजवत असायचा. मला भोळ्याला वाटायचं, धंदा चांगला झाला. आता एकेक आठवतं आहे. भाग विकायला जाताना माणूस नवा शर्ट कशाला घालतो?

न्हावी त्याचा जुना दोस्त. त्याला गाठलं. मला बोलायची बंदी, म्हणून त्याच्या दुकानातल्या दरपत्रकाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: "दादाची दुसरी बायको, ती डावी, कुठे असते?" दुकानात गिऱ्हाइकं बसली होती. ज्याच्या तोंडाला साबण होता तोही उठून वाचायला आला. न्हाव्याने दादाची शपथ घेऊन सांगितलं, की त्याला काही माहीत नाही. इतक्या घाईने शपथ कोण घेतं?

मुखवट्याला मी गेलो नाही. त्या दिवशी भांग पाडून घरातून निघालो आणि न्हाव्याकडेच बसून राहिलो. एका वहिनीला झळ लागणार म्हणून आधीच जीव कासावीस होता, आता दोन झाल्या. न जाणो, दवाखान्यातलं काही अंगाला लागलं असेल, म्हणून तुझ्या आईपासून मी लांब राहतो. ती समोरच्या खोलीत आली की मी मागच्या अंगणात जातो. ती मागे आली की पुढे येतो. तिला वाटतं, मला पोटाचा त्रास आहे.

खरं काय ते कळव.

काका


२ एप्रिल

चि. ठमे,

हे पत्र तुझी आई लिहिते आहे, तेव्हा काहीतरी मोठं झालं असणार हे तू समजलीच असशील. फोनवर सांगण्यासारखं नाही, फोनवर मला हसू आवरणार नाही.

दवाखान्यातून फोन आला, की काका मुखवट्याला आलेच नाहीत. मी म्हटलं, "असं कसं, त्या दिवशी भांग पाडून गेले होते." फोन ठेवते तोच दारात न्हाव्याची बायको. पदर डोळ्यांना. म्हणाली, "वहिनी, सगळं कळलं हो. इतकी वर्षं कसं सोसलंत?"

"काय सोसलं?"

"डावीचं."

मी पाहिलं, ही काही धड सांगत नाही. तिला वाटेला लावलं आणि भाऊजींना अंगणात कोपऱ्यात गाठलं. बोलायची बंदी असल्याचा फायदा माणसाने किती घ्यावा! नुसते हात हलवत होते, मागे सरकत होते. मी म्हटलं, "पलीकडे भिंत आहे, आता कुठे जाल?" तेव्हा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लांब राहा वहिनी, तुम्हाला लागेल." आणि खिशातून तुझी पत्रं काढून जमिनीवर ठेवली आणि पायाने माझ्याकडे सरकवली.

मी वाचलं. शिक्षण माझंही त्यांच्याएवढंच, पण मी पहिल्या ओळीपासून वाचते.

म्हटलं, "भाऊजी, इथे व ला काना आहे."

"तो कागदाचा दोरा आहे."

"आणि हा र?"

"तो फ आहे. फक्त."

"फ ला पोट असतं. हा बिचारा उपाशी आहे. रक्त आहे ते, रक्त! रक्तवाहिनी! मानेत असते ती! एक डावीकडे, एक उजवीकडे!"

त्यांनी मानेला दोन्ही हात लावले आणि आधी डावी बाजू चाचपली, मग उजवी.

तुला काय सांगू! वाण्याच्या दुकानावर "विकलेला मल परत घेतला जाणार नाही" असं तेलरंगात रंगवून आलेला हा माणूस. वाण्याने दुकान बंद करायची पाळी आली होती, गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "ताजा आहे का?" त्या माणसाला अक्षराचा गर्व! आणि तूही शहाणीच. काकांनी "वहिनी" लिहिलं तेव्हा तुला शंका आली नाही? एवढं शिकून?

मी खूप हसले. तेही हसले, घसा धरून. तुझ्या वडिलांच्या नावावरचा डाग पुसायला आता न्हाव्याच्या दुकानात जावं लागणार, ते मी उद्या बघते.

मग मी आत गेले, भांडी विसळायला घेतली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ठमे, हा माणूस कुत्रं भुंकलं तर आधी मला उठवतो. सुई टोचायच्या आधी ओरडतो. असला भित्रा माणूस मला झळ लागू नये म्हणून जन्माचा मुका व्हायला निघाला होता. आणि मला कळूसुद्धा दिलं नाही. मी त्यांना काही बोलले नाही. म्हणजे पुष्कळ बोलले, पण ते नाही.

डॉक्टरांनी ७ तारीख दिली आहे. म्हणाले, आता यापुढे थांबू नका. भाऊजींची गाडी पुन्हा अडली आहे. म्हणतात, "मान्य, ती रक्तवाहिनी. पण वहिनीला काहीच होणार नाही, असं ठमीने कुठे लिहिलंय?" तेवढं लिहून पाठव. ठसठशीत लिही.

तुझी,
आई


४ एप्रिल

ती. काका आणि आई,

रात्रीच्या टपालात टाकते आहे म्हणून थोडक्यात. मला शंका आली नाही, कारण काकांनी काना खाल्ला असं वाटलं, आणि मोठ्यांची चूक काय काढायची म्हणून गप्प बसले. प्रयोगशाळेत खरं सांगितलं तेव्हा मोठ्या बाई खुर्चीवरून उठून बाहेर गेल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज तीन खोल्यांपलीकडून येत होता.

काका, वाचा:

मशीन बंद, की किरण बंद. ते अंगाला चिकटून घरी येत नाहीत. आईने शेजारी बसावं, रिक्षातून बरोबर यावं, खुशाल ओरडावं. तिला काहीही होणार नाही. मशीन चालू असताना तेवढं त्या खोलीत पेशंटशिवाय कोणीही थांबायचं नसतं. मशीनवाले स्वतःही बाहेर जातात.

रक्तवाहिनीचं मी खरंच लिहिलं होतं, ते खोटं करून सांगणार नाही. मानेतल्या त्या नळ्यांवर थोडा परिणाम होईल. पुढे डॉक्टर त्या तपासत राहतील. पण गाठ राहिली तर त्या तपासायची वेळच येणार नाही.

बाबांची दुसरी बायको नव्हती. नवा शर्ट आईने दिलेला असायचा.

ठमी


१६ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. मागचे थकलेलेही यातच धर.

मुखवटा झाला. गरम पाण्यातून काढलेली जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात, ती गार झाली की घट्ट होते. माझं नाक त्यात इतकं हुबेहूब उतरलं आहे, की तुझी आई म्हणाली, "मुखवटा कुठला आणि भाऊजी कुठले, ते लिहून ठेवा." लाइट परवापासून सुरू झाले. पहिल्या दिवसाची हकीकत तुला तुझी आई सांगेल, पण ती तिच्या बाजूने सांगेल, म्हणून मी आधी लिहितो.

खोलीचं दार भिंतीएवढं जाड आहे. आत गारठा. मला टेबलावर झोपवलं, मुखवटा चढवला आणि तो टेबलाला खिट्ट्यांनी अडकवला. मशीनवरची बाई समजूतदार होती. म्हणाली, "काका, आता बोलता येणार नाही, हलता येणार नाही. आम्ही बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतो. काही त्रास झाला तर हात वर करा. लगेच थांबवू आणि आत येऊ." मी बोटांनी बरं म्हटलं. आतून देवाचं नाव घेत होतो, पण देवालाही ते ऐकू गेलं नसेल, इतका छातीचा आवाज होत होता.

तुझी आई माझा चष्मा, कवळी आणि टोपी घेऊन आत आली होती. बाई म्हणाली, "आजी, चला आता बाहेर."

आजी म्हटल्यावर तुझ्या आईचं काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणाली, "मी इथे कोपऱ्यात उभी राहते. हे एकटे घाबरतात."

"इथे कोणालाच थांबता येत नाही."

"मला काय होणार आहे या वयात? व्हायला वर्षं जातात, असं माझ्या मुलीने लिहिलं आहे. ती यातलीच आहे."

"ताई, ऐका ना."

"आजीवरून ताईवर आलात तरी मी हलायची नाही."

मला छताशिवाय काही दिसत नव्हतं. जाळीत ओठ बंद. वाटलं, आता दार लागणार आणि ही आतच राहणार. तू ठसठशीत लिहिलेलं सगळं मला पाठ होतं, "कोणीही" या शब्दासकट. मग मी हात वर केला. एक नाही, दोन्ही.

धावपळ झाली. दुसरा एक जण बाहेरून पळत आला. खिट्ट्या काढल्या, मुखवटा उचलला. बाई घाबरून विचारते, "काय झालं काका? श्वास अडकला? दुखलं?"

मी कवळीशिवाय, बंदी मोडून, जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा काढून म्हणालो, "वहिनीला बाहेर काढा."

तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द न बोलता टोपी छातीशी धरून बाहेर गेली. आपल्या घराच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

बाई जरा रागावली. पुन्हा मुखवटा बसवायच्या आधी म्हणाली, "काका, हात वर करायचा तो खरंच त्रास होत असेल तरच."

मी म्हणालो, "होत होता."

तुझा,
काका